खोऱ्यातले काम आणि शाळेतले शिक्षण : मावळातील शाळांसाठी व्यवसाय शिक्षणाची आखणी

व्यवसाय शिक्षण म्हणजे एखादे काम करण्यासाठी लागणारे हाताचे कौशल्य, त्या कामामागचे शास्त्र आणि ते काम दुसऱ्यासाठी वेळेवर व नीट करून देण्याची जबाबदारी या तिन्ही गोष्टी एकत्र शिकवणारे शिक्षण होय. यांपैकी केवळ कौशल्य शिकवले तर हाताला सराव होतो, पण कामाचे स्वरूप बदलताच तो सराव अपुरा पडतो. केवळ शास्त्र शिकवले तर वेळापत्रकात विज्ञानाच्या आणखी एका तासाची भर पडते. आणि जबाबदारीचा भाग वगळला तर विद्यार्थ्यांनी केलेली वस्तू प्रदर्शनाच्या टेबलावरून थेट अडगळीच्या खोलीत जाते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या क्षेत्रातील देशाची उणीव स्पष्ट शब्दांत मांडली आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजाचा हवाला देऊन हे धोरण सांगते, की १९ ते २४ या वयोगटातील भारतीय कामकऱ्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले होते, तर जर्मनीत हेच प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते.

मावळ तालुक्यात हा प्रश्न वेगळ्या रूपाने समोर येतो, कारण येथे कामाचा तुटवडा नसून काम आणि शाळा यांच्यातील ओळखीचा तुटवडा आहे. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तीन खोऱ्यांत भातशेती आहे, तळेगाव दाभाड्याच्या परिसरात कारखाने आणि गुलाबाची पॉलिहाउसे आहेत, लोणावळा-खंडाळ्यात पर्यटनावर चालणारी शेकडो लहानमोठी कामे आहेत, आणि लोहमार्ग, द्रुतगती मार्ग व जलविद्युत धरणे या सर्वांच्या मधून गेली आहेत. या कामांपैकी शाळेच्या आवारात काय आणावे, कोणाकडून शिकवून घ्यावे आणि त्याचा अभ्यासाशी सांधा कसा जुळवावा, हे ठरवण्यासाठी मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्या यांना उपयोगी पडेल अशी मांडणी पुढे केली आहे. तिचे सूत्र एकच आहे : अभ्यासक्रम परिसरातील कामातून निवडावा आणि विद्यार्थ्यांच्या हातून झालेले काम परिसराच्या खऱ्या उपयोगाला यावे.

तळेगावचा वारसा

शिक्षण आणि उद्योग यांची जोड मावळाला नवी नाही. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोल्हापूरला सुरू केलेले समर्थ विद्यालय पुढे तळेगाव दाभाडे येथे आले. सरकारी नोकरीसाठी कारकून घडवण्यापेक्षा स्वदेशाच्या गरजा ओळखणारी पिढी घडवावी, या राष्ट्रीय शिक्षणाच्या विचारातून ही शाळा उभी राहिली होती आणि म्हणूनच १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने ती बंद पाडली. त्याच गावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभारावेत ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना होती, तिला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला, आणि परदेशात काचनिर्मितीचे शिक्षण घेऊन आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या ज्ञानाची तिला जोड लाभली.

या कारखान्याचे महत्त्व त्यातून निघालेल्या काचेच्या वस्तूंपुरते मर्यादित नव्हते. भट्टीपुढे उभे राहून काच फुंकायला शिकलेले कारागीर येथून देशातील इतर काच कारखान्यांत गेले, म्हणजे कारखाना हीच एक शाळा होती. तिच्यातून आजच्या शाळेने तीन गोष्टी घ्याव्यात : शिक्षणासाठी लागणारा पैसा लोकांच्या लहान लहान वाट्यांतून उभा राहू शकतो, शिकवणारा माणूस त्या कामातला जाणकार असावा लागतो, आणि जे तयार होते ते बाजारात टिकावे लागते. लोणावळ्यात १९४५ पासून असलेली आयएनएस शिवाजी ही नौदलाची सागरी अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थासुद्धा हेच दाखवते, की इंजिनाचे शास्त्र आणि इंजिनावरचे काम एकाच छताखाली शिकवता येते व शिकवावे लागते.

पाबळचा धडा

शालेय पातळीवर याचा सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयोग पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे सापडतो. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवून पुढे उद्योगातील संशोधनात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा मूळ विचार साधा होता : मूल हाताने काम करताना शिकते, ही शिकण्याची नैसर्गिक रीत आहे, आणि शाळेने ती रीत मोडू नये. या विचारातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय तयार झाला, ज्याला शाळांतून आयबीटी या संक्षिप्त नावाने ओळखले जाते, आणि राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली.

या विषयाची रचना प्रत्येक नव्या शाळेने अभ्यासावी अशी आहे. विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस कामासाठी देतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशा चार विभागांत आळीपाळीने काम करतात. शिकवणारे निदेशक शक्यतो परिसरातील कामकरी किंवा लघुउद्योजक असतात. आणि विद्यार्थी गावाला लागणारी छोटी कामे करून देतात. एकाच कौशल्यात लवकर अडकवण्याऐवजी अनेक कौशल्यांची ओळख करून देण्यामागे निश्चित कारण आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आयुष्यभराचा व्यवसाय निवडता येत नाही, परंतु लोखंड, वीज, माती आणि अन्न या चारही गोष्टी हाताळलेल्या मुलाला आपला कल कशाकडे आहे हे अनुभवाने सांगता येते. याउलट, कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिफारस केलेला कार्यानुभव प्रगतिपुस्तकात आला खरा, पण अनेक शाळांत तो कागदी फुले आणि शोभेच्या वस्तू यांपुरताच उरला, कारण त्या वस्तू कोणाला हव्या आहेत हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

पहिली पायरी : परिसराची पाहणी

कोणता अभ्यासक्रम सुरू करावा, याचे उत्तर शासनाच्या यादीत शोधण्याआधी शाळेपासून दहा किलोमीटरच्या परिघात शोधावे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना गावोगावी पाठवावे आणि प्रत्येक गटाने चार प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत : येथे कोणती कामे चालतात, ती कोण करतो, त्यासाठी बाहेरून माणूस बोलवावा लागतो का, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत ते काम सर्वांत जास्त असते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष मोलाचे असते, कारण ज्या दुरुस्तीसाठी गावाला तालुक्यापर्यंत जावे लागते त्या दुरुस्तीतच नव्या व्यवसायाची जागा दडलेली असते.

आलेल्या नोंदी २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सुचवलेल्या तीन गटांत लावाव्यात. पहिला गट सजीवांशी निगडित कामांचा, दुसरा यंत्रे व साहित्य यांच्याशी निगडित कामांचा आणि तिसरा मानवी सेवांचा. मावळात पहिल्या गटात भातशेती, दुग्धव्यवसाय, रोपवाटिका आणि पॉलिहाउसमधील फुलशेती येते; दुसऱ्या गटात वेल्डिंग व फॅब्रिकेशन, घरगुती वायरिंग, पंप व दुचाकी दुरुस्ती, नळकाम आणि सौर उपकरणांची देखभाल येते; तिसऱ्या गटात हॉटेल व बंगल्यांची व्यवस्था, स्वयंपाक, पर्यटकांना मार्गदर्शन, रुग्णसेवा आणि डोंगरातील बचावकार्य येते. लेणी आणि किल्ले असलेल्या कार्ला, भाजे, लोहगड, तिकोना या भागातील शाळेला तिसरा गट जवळचा वाटेल, तर आंदर मावळातील शाळेला पहिला. शाळेने प्रत्येक गटातून किमान एक काम निवडावे, जेणेकरून एकाच धंद्यातील मंदीने सगळा कार्यक्रम कोसळणार नाही.

ही दक्षता कल्पनेतली नाही. जनरल मोटर्सच्या तळेगाव येथील कारखान्यातील उत्पादन २०२०च्या अखेरीस थांबले आणि तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. एखाद्या शाळेने आपला अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या एकाच जोडणी-साखळीला बांधला असता, तर मधल्या वर्षांतील तिच्या विद्यार्थ्यांपुढे काय उरले असते, याचा विचार प्रत्येक आखणीत असावा. कंपनीची मदत जरूर घ्यावी, यंत्रे आणि मार्गदर्शक मिळवावेत, पण शिकवायचे ते मोजमाप, आरेखन, जोडणी, विद्युत आणि सुरक्षितता यांसारखे कोणत्याही कारखान्यात चालणारे मूलभूत काम.

इयत्तांनुसार आखणी

सहावी ते आठवी हा ओळखीचा टप्पा आहे. राष्ट्रीय धोरणाने या इयत्तांतील विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचवला आहे, ज्यात मुले सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांसोबत काम करतात. हे दहा दिवस सहलीसारखे खर्च न करता तीन ठिकाणी वाटावेत, आणि प्रत्येक ठिकाणी मुलांनी केवळ पाहू नये, तर एक काम स्वतः पूर्ण करावे. नववी-दहावी हा कौशल्याचा पाया घालण्याचा टप्पा आहे. येथे आयबीटीसारखा बहुकौशल्य विषय घ्यावा किंवा समग्र शिक्षा योजनेतून मिळणारा एखाद्या क्षेत्राचा विषय घ्यावा. हे विषय राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याला जोडलेले असतात. हा आराखडा म्हणजे कौशल्यांच्या स्तरांची एक शिडी आहे, जिच्यामुळे शाळेत मिळवलेल्या कौशल्याची पायरी पुढच्या संस्थेलाही समजते. अकरावी-बारावीत विद्यार्थ्याचा कल स्पष्ट झालेला असल्याने व्यवसाय अभ्यासक्रमात एका क्षेत्रात खोलवर जाणे योग्य ठरते.

निदेशकाची निवड

व्यवसाय शिक्षणाचा कार्यक्रम यंत्रांअभावी क्वचित बंद पडतो. तो बंद पडतो तो बहुधा शिकवणाऱ्या माणसाअभावी. निदेशक निवडताना पदवीइतकाच हाताचा सराव पाहावा, आणि मुलाखतीत प्रश्नांबरोबर प्रत्यक्ष काम द्यावे : एक चौकट वेल्ड करून दाखवणे, एक स्विचबोर्ड जोडून दाखवणे किंवा एका वाफ्याची आखणी करून दाखवणे. गावातील फॅब्रिकेशनवाला, अनुभवी वायरमन, पॉलिहाउसचा पर्यवेक्षक, नौदलातून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेला तंत्रज्ञ हे सर्व आठवड्यातून एक दिवस मानधनावर शिकवू शकतात. अशा जाणकाराला मुलांच्या वर्गाची सवय नसते, म्हणून त्याच्यासोबत शाळेचा विज्ञान किंवा गणिताचा शिक्षक हजर असावा. जाणकार काम दाखवतो आणि शिक्षक त्या कामातले शास्त्र फळ्यावर आणतो. या दोघांनी महिन्यातून एकदा बसून पुढच्या चार कामांची यादी ठरवली, तर विषय आणि काम वेगवेगळ्या दिशांनी जात नाहीत.

तालुक्यातील संस्थांचे साहाय्य या कामी मोठे आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हा वाण तयार झाला आणि १९८७ मध्ये तो प्रसारित झाला. ज्या गावांत इंद्रायणी पिकतो तेथील मुलांनी तो कसा घडला हे त्याच केंद्रात जाऊन समजून घ्यावे. तळेगावची राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था पॉलिहाउस व फुलशेतीचे आणि काढणीनंतरच्या हाताळणीचे प्रशिक्षण देते. सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी आहे, आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेने डोंगरातील बचावकार्यात नाव मिळवले आहे. दोर, गाठी, प्रथमोपचार आणि रुग्ण हलवण्याची रीत शिकवण्यासाठी यांहून योग्य माणसे मिळणे कठीण. वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेने लेखी पत्राने तारखा ठरवून घ्याव्यात, कारण ऐन हंगामात कोणत्याही संस्थेला वेळ नसतो.

कार्यशाळा, सुरक्षितता आणि वेळापत्रक

सुरुवातीला मोठी इमारत लागत नाही. हवा खेळती असलेली एक खोली, पक्की फरशी, व्हाइस बसवलेली दोन मजबूत कामाची टेबले, मोजमापाची साधने, हातअवजारे, ड्रिल यंत्र, एक वेल्डिंग संच आणि मल्टिमीटर एवढ्यावर पहिले वर्ष चालते. एका तुकडीत पंधरा ते वीसच विद्यार्थी असावेत, कारण यंत्राजवळ निदेशकाची नजर प्रत्येकावर असणे आवश्यक असते. विजेच्या मुख्य जोडणीवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गळतीचा प्रवाह या मर्यादेपलीकडे जाताच वीज तोडणारे हे उपकरण माणसाचा जीव वाचवते. अर्थिंग दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे, वेल्डिंगला गडद काच आणि चामडी हातमोजे, ग्राइंडरला चष्मा आणि केस-ओढण्या बांधण्याचा नियम यांत कधीही सूट देऊ नये, आणि चालू विजेवरचे काम परवानाधारक वायरमननेच करावे.

लोणावळ्याकडील भागात अतिवृष्टी ही कार्यशाळेच्या आखणीतील मुख्य बाब आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतका ओलावा असतो, की तेल न लावलेले अवजार काही दिवसांत गंजते. म्हणून अवजारे जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवावीत, दर शुक्रवारी त्यांना तेलाचा हात फिरवण्याची पाळी विद्यार्थ्यांना लावावी आणि त्याची नोंदवही ठेवावी. देखभाल हा अभ्यासक्रमाचा भाग मानला, तर यंत्रे टिकतात आणि यंत्र का टिकते हेही मुलांना कळते.

वेळापत्रक ठरवताना शाळेच्या सत्रांइतकाच कामाचा हंगाम पाहावा. भाताची रोपे जूनमध्ये तयार होतात, लावणी जुलैत होते आणि कापणी दिवाळीच्या आगेमागे येते, म्हणून शेतीचे धडे या तीन वेळांना लावावेत. पॉलिहाउसातील गुलाबाची मोठी तोडणी व्हॅलेंटाइन दिनाच्या बाजारासाठी जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीस चालते, तेव्हा प्रतवारी आणि शीतगृहातील हाताळणी पाहता येते. पर्यटनाचा भर पावसाळ्यातील शनिवार-रविवारी असतो, पण त्या गर्दीत विद्यार्थ्यांना शिकवायला कोणालाच सवड नसते. त्यामुळे हॉटेलातील काम शिकण्यासाठी मधल्या वारांची निवड करावी.

कामातून विषय, विषयातून काम

व्यवसाय शिक्षणामुळे मुलांचा मुख्य अभ्यास मागे पडेल, ही पालकांची भीती खरी आहे आणि तिला उत्तर कामाच्या आखणीनेच द्यावे लागते. उदाहरणार्थ, भातशेतीतील चारसूत्री पद्धत घ्यावी. भाताच्या अवशेषांचा वापर, गिरिपुष्पाचे हिरवळीचे खत, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेटचा वापर ही तिची चार सूत्रे आहेत. ब्रिकेट म्हणजे खत दाबून केलेली गोळी, जी चार चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या, मध्ये चिखलात खोल खोचली जाते आणि हळूहळू विरघळते. चूड पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अशा आलटूनपालटून अंतरावर लावले, तर प्रत्येक गोळीच्या वाट्याला चाळीस सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद चौरस, म्हणजे ०.१६ चौरस मीटर जागा येते. एका गुंठ्यात सुमारे १०१ चौरस मीटर असतात, म्हणून गुंठ्याला जवळपास ६३० गोळ्या लागतात. एका गोळीचे वजन २.७ ग्रॅम धरले, तर ते एकूण १.७ किलो होते आणि हेक्टरी सुमारे १७० किलो. क्षेत्रफळ, भागाकार आणि एककांचे रूपांतर हे सारे या एका हिशेबात येते, आणि तो चुकला तर शेतात गोळ्या उरतात किंवा कमी पडतात. खोल खोचलेले खत पाण्याबरोबर का वाहून जात नाही, हा रसायनशास्त्राचा प्रश्न त्यापाठोपाठ आपोआप येतो.

अशीच जोड इतर कामांनाही घालता येते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी जमते. शाळेचे छत शंभर चौरस मीटरचे असेल आणि दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर दहा हजार लिटर पाणी पन्हाळीतून खाली येते, आणि पन्हाळीची रुंदी, उतार व खालच्या पाइपचा व्यास यांवरून ते सामावते की नाही हे ठरते. लोणावळ्याच्या चिक्कीत पाक सुमारे दीडशे अंशांपर्यंत का चढवावा लागतो, हा पाण्याच्या बाष्पीभवनाचा धडा आहे, मात्र उकळत्या पाकाचे काम मोठ्यांनी करावे आणि विद्यार्थ्यांनी तापमान, वजन, वेष्टन व खर्च यांच्या नोंदी ठेवाव्यात. वळवण आणि शिरवता येथील धरणांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सुमारे पाचशे मीटर खाली उतरते आणि १९१५ पासून त्यावर वीज तयार होते. स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर शिकवण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मावळातल्या विद्यार्थ्याला मिळणार नाही.

खरा ग्राहक आणि हिशेब

प्रत्येक सत्रात विद्यार्थ्यांनी किमान एक काम खऱ्या ग्राहकासाठी करावे. शाळेचे मोडके बाक, अंगणवाडीच्या खिडकीची जाळी, ग्रामपंचायतीच्या नळाची गळती, घरोघरीच्या माती परीक्षणासाठी नमुने घेणे ही अशी कामे आहेत. काम घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी मापे घ्यावीत, आकृती काढावी आणि अंदाजपत्रक मांडावे, ज्यात सामानाचा खर्च, वीज, श्रमाचे तास आणि घसारा, म्हणजे वापरामुळे यंत्राच्या किमतीत होणारी घट, हे चारही घटक असावेत. ग्राहकाने श्रमाचे मोल दिले तर ती रक्कम कार्यशाळेच्या खात्यात जमा व्हावी, तिचा हिशेब विद्यार्थ्यांच्या समितीने शिक्षकाच्या देखरेखीखाली ठेवावा आणि वर्षाअखेर पालकांपुढे वाचून दाखवावा. खाद्यपदार्थ विकायचे असतील तर अन्नसुरक्षा नोंदणी आधी करून घ्यावी.

येथे एक सीमा कठोरपणे पाळली पाहिजे. शिकण्यासाठी केलेले काम आणि स्वस्त मजुरी यांत फरक आहे, आणि तो पुसला गेला तर संपूर्ण कार्यक्रमाची नैतिक बैठक ढासळते. २०१६ मध्ये दुरुस्त झालेल्या बालकामगार कायद्याप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई आहे आणि चौदा ते अठरा वयोगटातील मुलांना धोकादायक उद्योग व प्रक्रियांत ठेवता येत नाही. म्हणून एखाद्या कामातून विद्यार्थ्याला नवे काही शिकायला मिळेनासे झाले, की ते काम थांबवून पुढचे द्यावे.

शाळेबाहेरचा अनुभव

नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाच्या जागी काही दिवस पाठवणे आवश्यक आहे, पण त्याची पूर्वतयारी पक्की असावी. पालकांची लेखी संमती, त्या ठिकाणी नेमलेला एक जबाबदार मार्गदर्शक, कामाचे तास, जाण्यायेण्याची सोय, अपघात विमा आणि शिकायच्या गोष्टींची यादी या सहा बाबी करारपत्रात लिहाव्यात. लहान गॅरेज आणि लहान हॉटेले यांना अशा यादीत आधी स्थान द्यावे, कारण तेथे विद्यार्थ्याला ग्राहकाशी बोलण्यापासून बिल करण्यापर्यंत संपूर्ण व्यवहार दिसतो, तर मोठ्या कारखान्यात त्याच्या वाट्याला अनेकदा केवळ पाहणेच येते. मुलींच्या बाबतीत किमान दोघींना एकत्र पाठवावे आणि परतीची वेळ उजेडातली ठरवावी.

मूल्यमापन आणि पुढच्या वाटा

लेखी परीक्षेने हाताचे काम मोजता येत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची एक कामवही असावी, जिच्यात आकृती, मापे, खर्च, झालेल्या चुका आणि त्यांची दुरुस्ती यांच्या नोंदी असतील, आणि सत्राच्या अखेरीस बाहेरच्या जाणकाराने प्रत्यक्ष काम करून घेऊन गुण द्यावेत. चुका लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत, कारण कामात चूक कोठे झाली हे सांगता येणे हीच कारागिराची पहिली ओळख असते.

व्यवसाय विषय घेतल्याने पुढची दारे बंद होत नाहीत, हे पालकांना दहावीच्या आधीच समजावून सांगावे. दहावीनंतर आयटीआय किंवा पदविका अभियांत्रिकी, दोन वर्षांच्या आयटीआयनंतर किंवा बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमानंतर पात्रतेनुसार पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश आणि तेथून पदवी अशा वाटा महाराष्ट्रात उपलब्ध आहेत. प्रवेशाचे नियम व तारखा बदलत असल्याने शाळेतील एका शिक्षकाने दरवर्षी त्यांची माहिती घेऊन सूचनाफलकावर लावावी.

प्रतिष्ठेचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांनाच व्यवसाय विषयाकडे वळवले, तर त्या विषयावर कमीपणाचा शिक्का बसतो आणि तो पुसायला पिढ्या लागतात. म्हणून सहावी ते आठवीपर्यंत काम सर्वांना सक्तीचे असावे, हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांनाही; वेल्डिंग मुलींनी आणि स्वयंपाक मुलांनीही शिकावा; आणि कातकरी, ठाकर, महादेव कोळी वस्त्यांतून येणाऱ्या मुलांकडे असलेले रानभाज्या, मासेमारी, बांबूकाम यांचे ज्ञान वर्गात शिकवण्याजोगे ज्ञान म्हणून घ्यावे. ज्या मुलाला वाचनात अडखळायला होते, तोच मुलगा वर्गाला बांबू कसा चिरावा हे शिकवतो, तेव्हा वर्गातील क्रम बदलतो आणि श्रमाची प्रतिष्ठा भाषणाशिवाय समजते.

पहिल्या वर्षाचा आराखडा

पहिल्या वर्षी अपेक्षा मोजक्या ठेवाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत पाहणीच्या नोंदी वर्गवार लावून तीन कामे निवडावीत आणि निदेशक ठरवावेत. जूनमध्ये खोली, वीज आणि अर्थिंग यांची तपासणी करून अवजारांचा पहिला परिचय द्यावा. जुलैत लावणीचा आठवडा शेतात घालवावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कार्यशाळेत मोजमाप, कापणे, जोडणे आणि रंगकाम शिकवावे. दिवाळीनंतर खऱ्या ग्राहकाचे एक काम हाती घ्यावे. जानेवारीत बाहेरचा अनुभव द्यावा आणि मार्चमध्ये हिशेब व कामवह्या पालकांपुढे ठेवाव्यात. मुख्याध्यापक, दोन शिक्षक, निदेशक, एक पालक आणि परिसरातील एक उद्योजक अशी लहान समिती दर महिन्याला बसली, तर एवढा कार्यक्रम कोणत्याही अनुदानित शाळेच्या आवाक्यात आहे.

या कार्यक्रमाची खरी परीक्षा मात्र मार्चमध्ये संपत नाही. विद्यार्थ्यांनी अंगणवाडीला बसवलेली जाळी, शाळेच्या छताला लावलेली पन्हाळ आणि ग्रामपंचायतीच्या आवारात उभे केलेले फाटक यांवर जूनपासून चार महिने मावळचा पाऊस कोसळतो. वेल्डिंगचा सांधा कच्चा असेल किंवा गंजरोधक रंगाचा पहिला हात न देताच वरचा रंग लावला असेल, तर गणेशोत्सवापर्यंत ते उघडे पडते. सप्टेंबरअखेर त्याच विद्यार्थ्यांनी वही घेऊन प्रत्येक ठिकाणी परत जावे, काय टिकले आणि काय गंजले याची नोंद करावी, गंजलेले स्वतः दुरुस्त करावे आणि ती वही खालच्या वर्गाच्या हाती द्यावी. ज्या शाळेत अशी वही वर्षानुवर्षे पुढे जाते, तेथे व्यवसाय शिक्षण रुजले असे खात्रीने म्हणता येते.